भोपळ्याएवढी फुलं

४ नोव्हेंबर

तीन वेळा उसवलं! एका पाकळीसाठी तीन वेळा! आणि चूक माझी नाहीच मुळी. ताईने ठसाच असा मारलाय की ते फूल आहे की भोपळा तेच कळत नाही. ही जाड रेघ, ही मोठी पाकळी, शाई अशी काळीकुट्ट. टाचणीची उशी ती केवढी – माझ्या तळहाताएवढी – आणि तिच्यावर हे धूड.

ताई मशीनवर होती. तिला म्हटलं, हे काय चालवलंयस? तर मान वर न करता म्हणाली, "जाड रेघेवर भरायला सोपं जातं."

सोपं! मी कधी मागितलं होतं सोपं? तीस वर्षं बारीक रेघेवर भरत आले. आमच्या कामाची सगळी मजा त्यातच होती. ताईने तुकड्यावर ठसा उमटवायचा, केसाएवढ्या रेघेचा. मी त्यावर असं भरायचं की खाली रेघ होती याचा कोणाला पत्ता लागू नये. मग ताईने तुकडे जोडायचे – उशी, बटवा, पुस्तकातली खूण, सुयांचं पाकीट, जे काय असेल ते. लोक विचारायचे, फूल आधी काढून घेता का हो? आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो, सांगायचो नाही.

आता आंधळ्यालाही दिसेल अशी रेघ मारते. लक्ष नाही तिचं कामात. कुठे आहे ते मला माहीत आहे. बटणवाल्याच्या दुकानात आहे!

५ नोव्हेंबर

सुया बनवणाऱ्यांनी नेढी लहान केली आहेत. पूर्वी अशी नव्हती. अर्धी सकाळ ओवण्यातच गेली.

७ नोव्हेंबर

बटणवाल्याकडे जावं लागलं, ताई दुसऱ्या कामाला गेली होती म्हणून. बटणं, लेस, दोरे, शाई – सगळं त्याच्याकडेच मिळतं, करणार काय! दाराएवढं दुकान. त्यात हा बसलेला, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. झोपतोही तसाच की काय कोण जाणे. मला बघितलं की उठून उभा राहतो. "या, धाकट्या बाई." ताई मोठ्या बाई, मी धाकट्या बाई. ही नावं ठेवायला याला सांगितलं कोणी?

फिका हिरवा दोरा मागितला, कोवळ्या पानासारखा. याने पोपटी दिला, भडक! म्हटलं, हा नको. तर म्हणतो, "हाच न्या. मोठ्या बाईंनी सांगून ठेवलंय." आता माझ्या दोऱ्याचे रंगही मोठ्या बाई ठरवणार आणि हा पोचवणार. लड काउंटरवर आपटून निघाले.

घरी येऊन बघते तर पिशवीत तीच पोपटी लड. कधी टाकली? पैसेही घेतले नाहीत. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१० नोव्हेंबर

दुकानवालीकडून पाच बटवे परत आले. तीच ती भेटवस्तूंची दुकानवाली, आमचा माल गेली कित्येक वर्षं डोळे मिटून घेणारी. निरोप काय – "टाके रेघेच्या बाहेर गेलेत. हल्ली तुमच्या हाताला झालंय काय?"

माझ्या हाताला! रेघच रस्त्याएवढी रुंद, तर तिच्या आत कुठे आणि बाहेर कुठे हे ठरवायचं कसं? ताईपुढे बटवे आपटले. म्हटलं, बघ, तुझ्या ठशांपायी माझं नाव गेलं. बाबांनी कोरलेला बारीक फुलाचा ठसा कुठाय? तो काढ. उद्यापासून तोच.

"तो झिजलाय."

"कधी झिजला? मला कसं माहीत नाही?"

तिने त्यातला एक बटवा उचलून कडेला ठेवला. मग हळूच म्हणाली, "चिमणे, एकदा डोळे दाखवून येऊ या का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं झाकायचं आणि दोष माझ्या डोळ्यांना द्यायचा! म्हटलं, माझे डोळे धडधाकट आहेत, तू तुझी अक्कल दाखवून ये. आणि चिमणे म्हणू नकोस. सत्तावन्न वर्षांची चिमणी असते का कुठे!

बाबांना शेवटची चार वर्षं दिसत नव्हतं. ताट कुठे, पाणी कुठे, सगळं मी हाताला धरून दाखवलं. डोळे जाणं म्हणजे काय ते मी बघितलंय. मला कोणी शिकवू नये.

११ नोव्हेंबर

बोललो नाही दिवसभर. बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर

ताई लग्न करतेय.

असं लिहिलं की वाचायलाही खोटं वाटतं. चहा पिता पिता म्हणाली. आधी बिस्किट बुडवलं, मग म्हणाली. बटणवाल्याशी. एकसष्ट वर्षांची ही, तो पासष्टचा, बायको जाऊन दहा वर्षं झालेला. कचेरीत सह्या करायच्या, मग चार माणसं बोलवायची. "तुला सांगायचं होतं कधीपासून. तुझा मूडच नसतो."

माझा मूड! वर्षभर ती रोज "जरा दोरा बघून येते" म्हणून जात होती. वर्षभर! एवढा दोरा बघितला असता तर अख्ख्या गावाला शिवून काढलं असतं.

मी विचारलं, आणि मी? एवढंच विचारलं. ती म्हणाली, "चार गल्ल्या तर आहे. रोज सकाळी येईन कामाला." कामाला येईन म्हणे! मी मालकीण आणि ती बाहेरून येणारी. याच खोलीत आई गेली, बाबा गेले. याच खिडकीखाली आमच्या दोन खुर्च्या. आता एका खुर्चीवर काय ठेवू? इस्त्री?

१५ नोव्हेंबर

खालच्या काकूला बातमी कशी लागली माहीत नाही. जिन्यात अडवून म्हणाली, "या वयात? शोभतं का?" मी म्हटलं, काकू, तुमच्या घरचं बघा, माझी बहीण तुम्हाला विचारून लग्न करणार नाही.

ताईला बोलायचा हक्क माझा आहे. तो मी कोणाला वापरायला देणार नाही.

१८ नोव्हेंबर

कमाल आहे बाईची! काय मागावं? लग्नाला येतील त्या प्रत्येकाला आपल्या हातचं काहीतरी द्यायचं म्हणे. लहान बटवे. "तू भरलेलेच हवेत. दुसऱ्या कोणाचे नकोत मला."

म्हणजे माझी बहीण मला सोडून चालली, आणि त्याच्या आनंदात मी भेटी शिवायच्या! नाही म्हणून सांगितलं. तोंडावर सांगितलं.

मग जेवताना विचार आला – ही दुसऱ्या कोणाकडे गेली तर? कोणी तरी मशीनवर घर्र करून फुलं काढून देईल आणि लोक म्हणतील, धाकटीचं काम ना हे? नाक कापलं जाईल माझं. म्हटलं, ठसे मारून ठेव. करते. पण बोलू नकोस माझ्याशी.

"बरं," म्हणाली. तिच्या त्या "बरं"चाही राग येतो.

२० नोव्हेंबर

भोपळे. सगळे भोपळे. आता तर ठसेही नवे करून आणलेत, आधीच्यापेक्षा दांडगे. मुद्दाम करते. मी सोडून द्यावं म्हणून. मी सोडणार नाही.

२१ नोव्हेंबर

खोलीतला बल्ब बदलला. नवाही तसलाच. हल्ली कुठल्याच वस्तूत दम राहिला नाही.

२४ नोव्हेंबर

आज जे केलं ते केलं. लिहून ठेवते.

ताई बाहेर होती. कात्री सापडेना म्हणून तिच्या मशीनखालची टोपली ओढली. ती तिची टोपली, मी कधी हात घालत नाही. वरच चष्म्याचं घर. जवळजवळ पुरं झालेलं, फक्त एक बाजू शिवायची राहिलेली. छोटे छोटे चौकोन जोडून केलेलं, आत मऊ अस्तर.

बोट लागलं आणि कापड ओळखलं. आमच्या फ्रॉकचं! आईने एकाच तुकड्यातून दोघींना शिवले होते ते, निळ्या चौकटीचे. ताईचा लहान झाला की मला, माझा फाटला की त्याच्यातूनच ठिगळ. त्यातलं ओंजळभर कापड ताईने जपून ठेवलं होतं, इतकी वर्षं. मी दोनदा मागितलं होतं, एकदा उशीसाठी, एकदा उगाच. दिलं नाही. "असू दे, कशाला तरी लागेल."

लागलं ना! त्याच्या चष्म्याला लागलं!

आणि त्यावर ताईने स्वतः भरलं होतं. ताई, जिने जन्मात सुई हातात धरून एक फूल भरलं नाही, "ते तुझं, मशीन माझं" म्हणत आली, तिने त्याच्यासाठी भरलं. आणि भरलं काय? बटण! तपकिरी, गोल, मध्ये दोन काळे ठिपके. बटणवाल्याला बटण. काय तो लाडिकपणा या वयात!

माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. कात्री घेतली आणि उसवलं. आधी ते बटण, टाका टाका करून. मग सगळे जोड. चौकोन वेगळे केले, अस्तर वेगळं केलं. उसवायला मला वेळ लागत नाही, हात सरावलाय. सगळे तुकडे तिच्या मशीनवर मांडून ठेवले, दिसतील असे.

ती आली. पिशवी ठेवली. बघितलं. मला वाटलं आता ओरडेल, आणि मी तयारच होते – ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तुकडे गोळा केले, एकावर एक ठेवले, दोरा गुंडाळला आणि टोपलीत ठेवून दिले.

एवढंच म्हणाली, "कापड तुझंही होतं, चिमणे."

मग? माझं होतं तर मला विचारायचं होतं!

२५ नोव्हेंबर

माझं काही चुकलं नाही.

२६ नोव्हेंबर

आज सोक्षमोक्ष लावला. तिच्या भोपळ्यांवर मी भरणार नाही, म्हणजे नाही. ती गेल्यावर पेटीतून बाबांचा ठसा शोधून काढला. झिजलाय म्हणे! अंगठा फिरवला – रेघ न् रेघ धारदार, बाबांनी काल कोरल्यासारखी. खोटं बोलली माझ्याशी. ढळढळीत खोटं.

शाईच्या गादीवर दाबला, कापडावर उमटवला. काही नाही. पुन्हा. काही नाही. शाई वाळली असणार, त्या बटणवाल्याने जुना माल गळ्यात मारलाय. नवी बाटली उघडली, गादी भिजवली, वजन टाकून मारला. कापड कोरं. पुन्हा तीनदा मारला. कोरं!

तसंच कापड मुठीत धरलं आणि चार गल्ल्या चालत गेले. दुकानात दोन बायका होत्या, त्यांच्यादेखत काउंटरवर आपटलं. म्हटलं, ही शाई विकता? बघा! सहा ठसे मारले, आणि कापड कोरं!

त्याने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. कापड उलगडलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या दोन बायकांना म्हणाला, जरा वेळाने या.

"धाकट्या बाई, यावर फुलं आहेत."

म्हटलं, चेष्टा पुरे.

"सहा आहेत. दोन तर एकावर एक पडलीत. ही बघा." माझं बोट धरून त्याने कापडावर ठेवलं. ओलं लागलं. शाई लागली बोटाला. बोटावरचा डाग मला दिसला. कापडावरचं फूल नाही दिसलं.

मी स्टुलावर बसले. त्याने पाणी दिलं. मग सांगितलं, थांबत थांबत, जसं काही तोच गुन्हेगार. वर्षापूर्वी ताई त्याच्याकडे आली ती ठसे करणाऱ्याचा पत्ता विचारायला. रेघ जाड हवी म्हणाली. मग त्याहून जाड. मग दोरे, जे उठून दिसतील तेवढेच द्यायचे. दर खेपेला एकच काळजी, हे तरी तिला दिसेल ना? "मीच म्हणालो होतो, सरळ सांगून टाका. तर म्हणाल्या, वडिलांचं सगळं तिने काढलंय, ती घाबरेल. ती राग राग करते ना, तेव्हा घाबरलेली असते."

मी म्हटलं, म्हणजे तुमचं हे लग्न माझ्या डोळ्यांनी जुळवलं.

त्याला हसावं की नाही ते कळेना. "तसं म्हटलं तर, हो."

२७ नोव्हेंबर

राग गेलेला नाही. लिहूनच ठेवते, कोणी म्हणायला नको की ऐकलं आणि विरघळले.

वर्षभर! माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीशेजारी बसून वर्षभर मला फसवलं. लहान पोराला वाडग्यात घास कालवून द्यावा तशा रेघा कालवून दिल्या. मी तिच्या ठशांना शिव्या घालत होते आणि ही ऐकून घेत होती. दुकानवालीला "ठसेच वाईट" म्हणून सांगितलं मी, हिच्यादेखत, तरी मूग गिळून बसली. मोठेपणा! मला नको होता हा मोठेपणा. माझ्यावर ओरडायचं, दंडाला धरून डॉक्टरकडे न्यायचं. बहीण आहेस की कोण?

हे सगळं तिला बोलले. मोठ्याने. काकूने खाली ऐकलं असेल तर ऐकू दे.

ताई म्हणाली, "झालं बोलून? चप्पल घाल."

डॉक्टरकडे नेलं. दंडाला धरून.

२८ नोव्हेंबर

एका डोळ्यात मोतीबिंदू. दुसऱ्यात सुरू होतोय. बाबांचं होतं ते हे नव्हे, डॉक्टरने दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, तोवर चष्मा. चष्मा यायला आठवडा लागेल.

घरी येऊन रडले. ताई शेजारी बसून बटवे जोडत होती, मशीन थांबवलं नाही. बरं केलं.

१ डिसेंबर

बटवे पुरे केले, भोपळ्यांवरच. बोटाने रेघ चाचपत भरले. दुकानवालीने परत पाठवले असते असे झालेत. ताई म्हणते हेच द्यायचे.

४ डिसेंबर

झालं लग्न. कचेरीत पंखा आवाज करत होता, साहेबाला घाई होती. साक्षीदार म्हणून मी सही केली, जिथे बोट ठेवलं तिथे. बटणवाल्याने कोटाला वेगळंच बटण लावलं होतं, म्हणजे याच्याकडेच जुळणारं मिळालं नाही! मी तोंडावर म्हटलं. तो खूष झाला.

बटवे वाटले. सगळे म्हणाले सुंदर. लोकांना कळत काही नाही.

ताई एक पेटी घेऊन गेली. मशीन ठेवलं, म्हणते सकाळी येणारच आहे. ती टोपलीही ठेवली. म्हटलं, टोपली ने, तुझी आहे. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाली. त्या चष्म्याच्या घराबद्दल मी अजून अवाक्षर काढलं नाही. तिनेही नाही. त्याला दुसरं शिवून देईल. कापड काय, जगात पुष्कळ आहे. पण ते तेवढंच होतं, आणि ते तिने त्याला द्यायला काढलं – हे मी विसरणार नाही. डोळ्यांचं माफ केलं. हे नाही.

खोलीत आवाज नाही. इस्त्री तिच्या खुर्चीवर ठेवली होती, मग उचलली.

६ डिसेंबर

चष्मा आला. सुई पहिल्या झटक्यात ओवली. उगाच तीनदा काढली, तीनदा ओवली. मग बघायला दुसरं काही सुचेना म्हणून टोपलीतली ती गुंडाळी सोडली. टाके मी काढले होते, पण कापडाला भोकं राहतात. खिडकीशी धरलं. गोल नाही ते. एका टोकाला निमुळतं होत गेलंय – शेपटी. दोन ठिपक्यांतला एक डोळा. दुसरा डोक्याच्या बाहेर आलेला – चोच.

बटण नव्हतं. चिमणी होती.

आणि त्याचा चष्मा तर गळ्यात असतो, दोरीला!

तपकिरी दोरा घेतलाय. ताईचे टाके काय एकेक वेडेवाकडे, एक सरळ पडेल तर शपथ. तरी त्याच भोकांतून भरते आहे.